लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताना

ब्लूटूथ हेडफोन लावून व्हिडिओ कॉलला बसलं की माझ्या लॅपटॉपवर समोरच्याचा आवाज तुटायचा. मधूनच चित्रही गोठायचं. हेडफोन बंद करून लॅपटॉपच्याच स्पीकरवर ऐकायला लागलं की थोड्या वेळात सगळं ताळ्यावर. तोच हेडफोन फोनला जोडला तर त्याच खुर्चीत, त्याच वायफायवर कॉल एकदम स्वच्छ. म्हणजे हेडफोन निर्दोष. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडून पाहिला तर इंटरनेटचा पूर्ण वेग मिळत होता, म्हणजे तेही निर्दोष. घोडं अडत होतं ते लॅपटॉपच्या वायरलेस भागातच.

यावर मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: जुना झाला, नवीन घे. पण या लॅपटॉपचा प्रोसेसर माझ्या कामाला पुरून उरतो. हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली आहे, रॅम वाढवली आहे. बावीस मिलिमीटर रुंद आणि तीस मिलिमीटर लांब अशा एका तुकड्यासाठी, म्हणजे वायफाय कार्डासाठी, अख्खं यंत्र मोडीत काढायचं मला काही पटेना.

खरेदीच्या आधी आहे ते कार्ड काय लायकीचं आहे ते पाहून घ्यावं. विंडोजमध्ये त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर घालावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) एवढं टाइप केलं की कार्डाची सगळी कुंडली समोर येते. त्यात कार्डाला कोणकोणते रेडिओ प्रकार चालतात ती ओळ शोधायची. माझ्याकडे तिथे ८०२.११बी, ८०२.११जी आणि ८०२.११एन एवढंच होतं. एसी नाही, साधं 'ए'सुद्धा नाही. याचा अर्थ या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकूच येत नव्हता, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालायचं. त्याच आज्ञेच्या शेवटी 'ड्रायव्हर्स'ऐवजी 'इंटरफेसेस' (interfaces) लिहिलं की चालू जोडणीची माहिती मिळते. तिथे वेग दिसला ७२ मेगाबिट. हा आकडा ओळखीचा आहे: ८०२.११एन, अँटेना एकच आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, म्हणजे कमाल ७२.२. प्रत्यक्षात फाइल उतरवताना त्यातले निम्मे-साठ टक्के पदरात पडले तरी बरं म्हणायचं, कारण वायफायमध्ये बराच वेळ आपली पाळी येण्याची वाट बघण्यात आणि पोचपावत्या पाठवण्यात जातो.

हेडफोनचं कोडंही इथेच सुटलं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं आणि लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ नि वायफाय बहुधा एकाच कार्डावर असतात. कार्डाला अँटेना एकच असेल, तर दोघांना ती आळीपाळीने वापरावी लागते. हेडफोनला आवाज पाठवायचा त्या क्षणी वायफाय गप्प, वायफायची पाळी आली की हेडफोन गप्प. नुसतं गाणं ऐकताना हे खपून जातं, कारण आवाज थोडा आधीच साठवून ठेवता येतो. कॉलमध्ये आवाज जातो आणि येतो दोन्ही, साठवायला उसंत नाही, आणि वर वायफायवरून चित्रही धावतंय. मग तुटणारच. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं आणि अँटेना दोन झाल्या, की हा तंटा मुळातूनच मिटतो. माझं कारण एवढंच होतं. वेग वाढला असता तर तो वरचा नफा.

कार्ड निवडताना मात्र डोकं शांत ठेवावं लागतं, कारण दिसायला सगळी कार्डं सारखी आणि नावंही जवळजवळ सारखी. उदाहरण इंटेलच्या कार्डांचं घेतो. एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही दोन्ही वायफाय ६ ची कार्डं. आकार तोच, खाचा त्याच, हातात घेतली तर फरक कळणार नाही. पण एएक्स२०० हे स्वयंपूर्ण कार्ड आहे. ते पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे बोर्डाला सुटी कार्डं जोडायच्या नेहमीच्या मार्गावरून बोलतं आणि त्याचं ब्लूटूथ त्याच सॉकेटमधल्या यूएसबीच्या पिनांवरून चालतं. एएक्स२०१ मध्ये मात्र फक्त रेडिओचा भाग असतो. बाकीचं डोकं इंटेलच्या ठरावीक पिढ्यांच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये बसवलेलं असतं, आणि या व्यवस्थेला सीएनव्हीआय म्हणतात. जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये किंवा कुठल्याही एएमडीच्या यंत्रात एएक्स२०१ बसवलं तर ते बसेल, स्क्रूही लागेल, आणि काहीही होणार नाही. पुढच्या जोडीतही तेच: एएक्स२१० स्वयंपूर्ण, एएक्स२११ परावलंबी. शेवटी शून्य असेल तर घ्या, एक असेल तर आधी चौकशी करा, असा मी माझ्यापुरता नियम केला. विक्रेत्यांच्या यादीत ही दोन्ही एकाच ओळीत दिलेली मी पाहिली आहेत, तेव्हा वेष्टनापेक्षा कार्डावर काय छापलंय ते वाचणं बरं.

मग सॉकेट. साधारण गेल्या दशकभरातल्या लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड एम.२ जातीचं असतं, मापाचा आकडा २२३०. त्याच्या सोनेरी पट्टीला दोन खाचा असतात, ए आणि ई. एसएसडीही एम.२ असते, पण तिची खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं घुसवण्याचा प्रश्न येत नाही. त्याआधीच्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्सप्रेस जातीची रुंद कार्डं होती. त्यात एम.२ कार्ड बसवायचे अडॅप्टर मिळतात, पण अँटेनाच्या तारांची टोकंही तिथे मोठी असतात, म्हणजे टोकं बदलणारे तुकडे आणखी जोडा. इतका खटाटोप करण्यापेक्षा त्या जुन्या सॉकेटसाठीच मिळणारं ८०२.११एसीचं कार्ड घ्यावं, असं माझं मत. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये तर वायफायची चिप बोर्डावर थेट डाखलेली असते. तिथे विषयच संपला.

आणखी एक अडथळा मी तपासून घेतला, तो बायोसमधल्या, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, मान्य यादीचा. काही कंपन्या आपल्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचे ओळखक्रमांक नोंदवून ठेवायच्या. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र सुरू व्हायच्या आधीच अडून बसायचं आणि कार्ड काढा म्हणायचं. कारण असं दिलं जायचं की रेडिओ आणि अँटेना यांची मिळून सरकारी चाचणी झालेली असते, मधला एक भाग बदलला तर ती मंजुरी लागू राहत नाही. कारण खोटं नाही, पण त्यामुळे गिऱ्हाईक त्याच कंपनीच्या सुट्या भागांना बांधलं जायचं हेही खरं. हल्ली ही पद्धत बरीच मागे पडली आहे. तरी आपल्या मॉडेलचं नाव आणि कार्डाचं नाव एकत्र शोधून, कुणी आधी हा उद्योग केलाय का ते पाहावं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी अँटेनाची होती. लॅपटॉपची अँटेना कार्डावर नसते. ती पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळ चिकटवलेली असते आणि केसापेक्षा थोड्याच जाड अशा तारेने कार्डापर्यंत येते. माझं जुनं कार्ड एका अँटेनाचं. मग कंपनीने दुसरी तार टाकलीच नसेल तर? दोन तारांच्या कार्डाला एकच तार लावली तर ते अर्ध्या ताकदीवर चालतं. उत्तर मिळालं ते लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. बहुतेक कंपन्या हे पुस्तक आपल्या संकेतस्थळावर ठेवतात आणि ते कुणी उघडत नाही. त्यात माझ्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीत दोन प्रकारची वायफाय कार्डं होती, एक माझ्याकडचं आणि दुसरं ५ गिगाहर्ट्झ चालणारं, दोन अँटेनांचं. अँटेनाचा संच मात्र एकाच क्रमांकाचा. म्हणजे तारा दोन असायला हव्यात, आणि त्या ५ गिगाहर्ट्झलाही चालायला हव्यात. हे वाचल्यावरच मी एएक्स२१० मागवलं.

वायफाय ७ चं कार्ड घ्यायचा मोह झाला नाही असं नाही. पण घरातला राउटर वायफाय ५ चा, म्हणजे ८०२.११एसी. कार्ड राउटरपेक्षा कितीही पुढचं असलं तरी दोघांचं बोलणं कमी शिकलेल्याच्याच भाषेत होतं. इंटेलचं वायफाय ७ चं बीई२०० हे कार्ड तर एएमडीच्या बऱ्याच यंत्रांत चालत नाही. एएक्स२१० मधला ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही मला आज उपयोगाचा नव्हता. त्यासाठी राउटर त्या पट्ट्याचा लागतो, देशात तो पट्टा खुला असावा लागतो, विंडोज ११ लागतं आणि सुरक्षा डब्ल्यूपीए३ चीच लागते, तिथे डब्ल्यूपीए२ चालतच नाही. मी ते घेतलं ते जुन्या पीसीआय एक्सप्रेस सॉकेटला निमूट चालणारं आणि ड्रायव्हर सहज मिळणारं कार्ड म्हणून. लिनक्सवाल्यांसाठी सांगतो, कर्नल ५.१० पासून पुढे ते चालतं, फर्मवेअरचं पॅकेज तेवढं अद्ययावत असावं.

कार्ड हातात आल्यावर लगेच स्क्रूड्रायव्हर घेतला नाही. आधी नव्या कार्डाचे ड्रायव्हर उतरवून ठेवले. नवं कार्ड ड्रायव्हरशिवाय चालणार नाही आणि वायफायशिवाय ड्रायव्हर मिळणार नाही, अशी गोची व्हायला नको. वायफायचा ड्रायव्हर वेगळा आणि ब्लूटूथचा वेगळा असतो, हे इथे लक्षात ठेवायचं. दुसरं, विंडोज वायफायचे पासवर्ड कार्डागणिक साठवतं. कार्ड बदललं की जुनी यादी नव्या कार्डाला मिळत नाही. म्हणून नेटएसएचचीच निर्यातीची आज्ञा वापरून सगळ्या नेटवर्कची माहिती फाइलींत काढून घेतली. पासवर्डसकट काढल्या तर त्या फाइलींत पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, काम झाल्यावर त्या पुसून टाकायच्या.

बंद करतानाही नुसतं 'शट डाउन' पुरत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर यंत्र पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि पुढच्या वेळी जुन्याच हार्डवेअरची आठवण घेऊन उठतं. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' केलं की ते खरोखर बंद होतं. मग चार्जर काढला.

पाठीमागचं झाकण काढणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं. स्क्रू सगळे सारखे दिसतात आणि सारखे नसतात. बिजागरीजवळचे लांब, पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर हाताच्या टेकणापर्यंत उगवतो. एका कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवला. दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले होते, त्यांचा पत्ता मॅन्युअलनेच दिला. स्क्रू निघाले तरी झाकण निघत नाही, कारण कडेने प्लास्टिकच्या खुंट्या अडकवलेल्या असतात. तिथे धातूचं काही घालू नये. एक जुनं बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड फटीत सरकवून कडेकडेने नेलं की टक टक करत एकेक खुंटी सुटते. आवाज असा की काहीतरी मोडलं असं वाटावं. मोडत नाही.

झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरी सोडवणं. बॅटरी आतली असते तेव्हा चार्जर काढला म्हणून बोर्डावर वीज नाही असं होत नाही. बॅटरीचा जोड तारा धरून ओढायचा नाही, दोन्ही कानांना नखाने ढकलत बाहेर सरकवायचा. मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, उरलीसुरली वीजही गेली. अंगावरची स्थिर वीज उतरवायला एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून घ्यावा, गालिच्यावर बसून हे काम करू नये.

जुनं कार्ड बोर्डाच्या कडेला होतं, एका स्क्रूने दाबून बसवलेलं. त्याला काळी तार लावलेली, एकच. दुसरी कुठे दिसेना. मोबाइलचा दिवा मारून त्या काळ्या तारेचा माग काढत बिजागरीपर्यंत गेलो, तर तिच्या शेजारून एक पांढरी तार निघून काळ्या चिकटपट्टीखाली शिरत होती. चिमट्याने चिकटपट्टी उचलली. खाली तारेचं टोक होतं, पारदर्शक प्लास्टिकची छोटी नळी घातलेलं, उघडं टोक बोर्डाला कुठे लागू नये म्हणून. कारखान्यात कुणीतरी ते नीट गुंडाळून दाबून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं ते तसंच पडून होतं. म्हणजे अँटेना बसवलेली, तार ओढलेली, सगळा खर्च केलेला, फक्त शेवटी कार्ड एका तारेचं लावलेलं! कंपन्यांचा हिशेब मला कळतो, पण त्या नळीकडे बघताना जरा राग आलाच.

इथून पुढचं काम मिलिमीटरांत चालतं. तारेच्या टोकाला जो कनेक्टर असतो तो एमएचएफ४ जातीचा, जेमतेम दोन मिलिमीटरचा, आणि तो कार्डावरच्या तितक्याच गोल खुंटीवर टिचबटणासारखा दाबून बसवायचा. काढताना तार धरून ओढली तर तार हातात आणि कनेक्टर कार्डावर राहतो. त्याच्या कडेखाली प्लास्टिकची चपटी काडी घालून सरळ वर उचलायचा, वाकडा नाही. बसवताना त्याहून जपून. आधी नुसता वर ठेवायचा, बोटाच्या टोकाने हलकेच गोल फिरवून बघायचा. नेमका मध्यावर आला की तो घसरायचा थांबतो, एका जागी धरल्यासारखा वाटतो. तेव्हाच दाबायचा, तोही बोटाने नको, काडीच्या सपाट टोकाने, वरून सरळ. बसल्याचा ठोका कानाला येत नाही, बोटाला येतो. तिरका दाबला तर आतली मधली पिन चेपते आणि मग ती तार कायमची गेली. या जातीचे कनेक्टर साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, त्यामुळे गंमत म्हणून काढून पुन्हा लावून बघू नये.

मी तारा लावायचं काम कार्ड सॉकेटमध्ये बसवून, स्क्रू पिळून झाल्यावर केलं. काही जण आधी तारा लावतात आणि मग कार्ड बसवतात, पण त्यात कार्ड तिरकं घालताना तारा ताणल्या जातात. कार्ड सॉकेटमध्ये थोडं तिरकं सरकवायचं, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकलायचं आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू लावण्याआधी हात सोडला की ते वर उचललं जातं, ते बरोबरच आहे.

कुठली तार कुठल्या खुंटीवर, याची बरीच चर्चा होते. कार्डावर १ आणि २ असे आकडे किंवा काळे-पांढरे त्रिकोण छापलेले असतात. एक मुख्य, दुसरी सहायक. तारांच्या रंगांचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलंय तसं करावं. उलट लागल्या तरी वायफाय बंद पडत नाही, दोन्ही अँटेना एकाच जातीच्या असल्या तर बहुतेक वेळा फरक जाणवतही नाही. ब्लूटूथ मात्र एकाच खुंटीवरून चालत असल्याने, एखादी अँटेना कोपऱ्यात किंवा धातूआड असेल तर त्याचा पल्ला कमी-जास्त होऊ शकतो. तारा पंख्याच्या पात्यात किंवा झाकणाच्या स्क्रूच्या छिद्राखाली येणार नाहीत एवढं पाहून त्यांना चिकटपट्टीने धरून ठेवलं, बॅटरी जोडली. सगळे स्क्रू न लावता झाकण नुसतं टेकवून यंत्र चालू केलं. हे महत्त्वाचं. सगळं बंद करून मग चालू करणारा माणूस पुन्हा सगळं उघडत बसतो.

बायोसने कुरकूर केली नाही. विंडोज सुरू झालं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवं कार्ड एका सर्वसाधारण नावाने दिसलं. ठेवलेला ड्रायव्हर चालवला, वायफायचं चिन्ह आलं. ब्लूटूथ अजून नव्हतं. त्याचा वेगळा ड्रायव्हर घातल्यावर तेही आलं. नेटवर्कची यादी उघडली आणि त्यात राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव या लॅपटॉपवर पहिल्यांदाच दिसलं. निवडलं, पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होईना.

कारण राउटरमध्ये होतं. घरच्या राउटरवर मॅक पत्त्यांची गाळणी चालू आहे, म्हणजे यादीतल्या उपकरणांनाच प्रवेश. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, आणि तो लॅपटॉपचा नसतो, कार्डाचा असतो. राउटरच्या लेखी हा कुणी परकाच आला होता. फोनवरून राउटरच्या पानावर जाऊन नवा पत्ता यादीत घातला, जुना काढला, आणि या लॅपटॉपसाठी राखून ठेवलेला आयपी पत्ताही नव्या मॅकच्या नावे केला. नाहीतर याच लॅपटॉपला जोडलेला सामायिक प्रिंटर इतरांना सापडला नसता. कार्यालयाच्या नेटवर्कवर यंत्राची नोंदणी मॅक पत्त्याने होत असेल तर कार्ड बदलण्याआधी तिथल्या संगणक विभागाला सांगून ठेवावं. तसंच ब्लूटूथचं: हेडफोन, माउस यांची जोडणी जुन्या कार्डाशी होती, ती सगळी नव्याने करावी लागली.

आता आकडे. त्याच टेबलावर, त्याच राउटरला 'शो इंटरफेसेस' ने ८६६ मेगाबिट दाखवले. हे वायफाय ५ चं, दोन अँटेनांचं, ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं गणित. राउटर वायफाय ६ चा असता तर याच रुंदीत १२०१ दिसले असते. घरातल्याच केबलवर बसलेल्या दुसऱ्या संगणकाकडून आयपर्फ या वेग मोजायच्या प्रोग्रॅमने मोजलं तर प्रत्यक्ष ५०० च्या आसपास. इंटरनेटची योजना त्याहून कितीतरी कमी वेगाची, त्यामुळे इंटरनेट काही बारा पटींनी धावायला लागलं नाही, ते योजनेच्या मर्यादेला जाऊन टेकलं एवढंच. फरक जाणवला तो घरातल्या घरात मोठ्या फाइली इकडून तिकडे करताना, आणि राउटरला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं तेव्हा. आधी वेळ कधी ३, कधी ४०, कधी शंभराच्या वर अशी उड्या मारायची, आता दोन-तीन मिलिसेकंदांवर शांत बसते. व्हिडिओ कॉलला हेच लागतं, वेगापेक्षा जास्त. हेडफोन लावून लांबलचक कॉल केला, सोबत मुद्दाम एक मोठी फाइल उतरवायला लावली. आवाज एकदाही तुटला नाही.

नंतर दोन सेटिंगं बदलली. कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत पसंतीचा पट्टा ५ गिगाहर्ट्झ केला, नाहीतर राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर लॅपटॉप कधीकधी उगाच २.४ वर जाऊन बसतो. आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी काढून घेतली. बॅटरीवर त्याने काही मोठा फरक पडलेला दिसला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढं झाकण उघडण्यापेक्षा यूएसबी डोंगल का नाही? रास्त प्रश्न आहे. एकच जागा, एकच काम, आणि यंत्र उघडायची भीती, असं असेल तर डोंगल चांगला. नखाएवढे डोंगल मात्र टाळावेत, त्यांच्यात अँटेनाला जागाच नसते. शिवाय यूएसबी ३ चे पोर्ट आणि तारा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल एका छोट्या वाढीव केबलने लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवला की हा त्रास बराच कमी होतो. ब्लूटूथ माउस अडखळत असेल तरी आधी शेजारची यूएसबी ३ ची डिस्क काढून बघा.

टेबलावरच्या संगणकाचं काम याहून सोपं, कारण तिथे जागा भरपूर. पीसीआय एक्सप्रेसच्या सगळ्यात आखूड खाचेत बसणारं कार्ड मिळतं, ते लांब खाचेतही चालतं. त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते: ब्लूटूथसाठी कार्डापासून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ च्या जागी एक वेगळी तार जोडायची असते. ती न जोडता 'ब्लूटूथ दिसत नाही' म्हणणारे बरेच भेटतात. आणि अँटेना थेट कार्डाच्या मागे पिळल्या तर त्या भिंत आणि धातूचा डबा यांच्यामध्ये अडकतात. तारेने टेबलावर आणता येणारी अँटेना असेल तर तीच घ्यावी.

घरातल्या टोकाच्या खोलीत मात्र नव्या कार्डाने काही चमत्कार केला नाही. तिथे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट मध्ये येतं, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतात. विंडोज तिथे सिग्नल ४० टक्के दाखवतं. त्याच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डेसिबल-मिलिवॉट आणि शून्य म्हणजे उणे १००, म्हणजे इथे उणे ८०. कॉलसाठी साधारण उणे ६७ तरी असावे लागतात. कार्ड कुठलंही घाला, हे भौतिकशास्त्र बदलत नाही. त्या खोलीत मी भिंतीच्या कडेने लॅन केबलच ओढून घेतली.